नाव एक, यंत्रं पाच: मामूंना 'स्विच' आणायला सांगण्याआधी हे वाचा

गेली दोन-तीन वर्षं रमजान ईद मार्च-एप्रिलमध्ये येते आहे. मुलांच्या हातात ईदी पडते, परीक्षा आटोपतात आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागतात. नागपूरच्या उन्हात दुपारी बारा ते पाच पोरांना बाहेर सोडायची सोय नसते. मग घराघरांत विषय निघतो तो गेमिंग कन्सोलचा. जमलेली ईदी, त्यात अब्बूंनी घातलेली भर आणि दुबईहून सुट्टीवर येणाऱ्या मामूंना एक फोन: "मामू, येताना स्विच आणा ना." मामू तिथल्या दुकानात उभे राहून उलट विचारतात, "अरे बेटा, पण कोणता? इथं तर तीन-चार दिसतात आणि भावात दुपटीचा फरक आहे."

मामूंचा प्रश्न रास्त आहे. निंटेंडो या जपानी कंपनीनं २०१७ पासून 'स्विच' या एकाच नावाखाली पाच वेगवेगळी यंत्रं बाजारात आणली. काही बाहेरून सारखी दिसतात पण आतून वेगळी आहेत, काही बाहेरून वेगळी दिसतात पण आतून तीच आहेत. त्यात भारतात निंटेंडोची अधिकृत विक्रीच नाही. बर्डीतल्या दुकानात किंवा ऑनलाइन जे दिसतं, ते कुणीतरी बाहेरून आणून विकलेलं असतं. चुकीचा डबा घरी आला तर कंपनीकडून बदलून मिळायची आशा नाही. वीस ते चाळीस हजारांचा मामला आहे, म्हणून जरा सविस्तर बोलू.

सडपातळ झाला म्हणजे सुधारला असं नाही

ज्यांचं कॉलेज पंधरा-वीस वर्षांपूर्वी झालं, त्यांना सोनीचा पीएसपी आठवत असेल. तो भारतात अधिकृतपणे मिळायचा. सोनीनं त्याच्यासाठी 'देसी अड्डा' नावाचा खास भारतीय खेळांचा गेमही काढला होता. त्यात पतंगबाजी होती, कबड्डी होती. (संक्रांतीला नागपूरच्या गच्चीवर उभं राहिलेल्या माणसाला स्क्रीनवरचा मांजा फिका वाटणारच, ते सोडा.)

हा पीएसपी २००४ मध्ये जपानमध्ये आला आणि २००७ मध्ये त्याची सडपातळ आवृत्ती निघाली. वजन २८० ग्रॅमवरून १८९ ग्रॅमवर आलं, मेमरी दुप्पट झाली, टीव्हीला जोडायची सोय आली. खरोखर चांगली सुधारणा. पण २००९ मध्ये 'पीएसपी गो' आला आणि त्यात डिस्कची जागाच काढून टाकली. घरात जमवलेल्या जुन्या डिस्क त्यात चालेनात. २०११ मध्ये स्वस्तातला पीएसपी आला, त्यातून वाय-फाय गायब. नाव तेच, डब्यावर 'नवीन' लिहिलेलं, आणि आत काहीतरी कमी केलेलं.

म्हणून नव्या आवृत्तीत काय वाढलं हे विचारताना काय काढलं हेही विचारायचं. जाहिरातीत पहिलं मोठ्या अक्षरात असतं, दुसरं शोधावं लागतं.

२०१७ आणि २०१९: दिसायला जुळे भाऊ

पहिला स्विच ३ मार्च २०१७ ला आला. ६.२ इंचांचा स्क्रीन, दोन बाजूंना निघणारे 'जॉय-कॉन' कंट्रोलर आणि टीव्हीला जोडण्यासाठी 'डॉक' नावाचं स्टँड. हातात घेऊन खेळा, नाहीतर डॉकमध्ये ठेवून टीव्हीवर खेळा. हीच त्याची खरी गंमत होती. त्या वेळी किंमत ३०० डॉलर, तेव्हाच्या दरानं साधारण २० हजार रुपये. तक्रार एकच: बॅटरी. कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे अडीच ते साडेसहा तास.

ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीनं हाच स्विच पुन्हा बाजारात आणला. किंमत तीच, स्क्रीन तोच, वजनही जवळपास तेच. बॅटरीसुद्धा तीच, ४३१० एमएएचची. तरी एका चार्जवर चालायची वेळ साडेचार ते नऊ तासांवर गेली. बॅटरी तीच असताना हे कसं झालं?

उत्तर चिपमध्ये आहे. चिप म्हणजे कोट्यवधी सूक्ष्म बटणांची पाटी समजा. प्रत्येक बटण चालू-बंद होताना थोडी वीज खातं आणि थोडं तापतं. २०१७ ची चिप २० नॅनोमीटर म्हटल्या जाणाऱ्या पद्धतीनं बनली होती, २०१९ ची १६ नॅनोमीटरच्या नव्या पद्धतीनं. नव्या पद्धतीची बटणं कमी विजेवर चालतात आणि कमी वीज गळू देतात. काम तेवढंच, वीज कमी. गेमचा वेग काही वाढला नाही, कारण कंपनीला तो वाढवायचाच नव्हता. जुन्या यंत्रावर आणि नव्या यंत्रावर गेम सारखाच चालायला हवा होता.

आपल्या हिशोबात सांगायचं तर 'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा जड गेम जुन्या स्विचवर सुमारे तीन तास चालतो, २०१९ च्या स्विचवर साडेपाच तास. नागपूरहून मुंबईच्या गाडीत बसलात तर जुना बडनेऱ्याच्या आसपास मान टाकेल, नवा अकोला, शेगाव मागे टाकून भुसावळच्या दिशेनं निघालेला असेल.

अडचण अशी की ही दोन्ही यंत्रं शेजारी ठेवली तरी ओळखू येत नाहीत, आणि सेकंडहँड बाजारात दोन्ही 'स्विच वन' म्हणून त्याच भावात विकली जातात. ओळखायच्या खुणा आहेत. डबा असेल तर तो पाहा: २०१९ च्या डब्याची पार्श्वभूमी पूर्ण लाल आहे, जुन्या डब्यावर स्विच धरलेला हात दिसतो. डबा नसेल तर यंत्रावरचा मॉडेल क्रमांक वाचा. जुना 'एच-ए-सी ००१' आहे, नव्याला त्यापुढे कंसात '-०१' जोडलेलं असतं. सीरियल नंबरची पहिली तीन अक्षरंही बोलकी आहेत: 'एक्स-ए-डब्ल्यू' म्हणजे जुना, 'एक्स-के-डब्ल्यू' म्हणजे नवा. अक्षरं बारीक असतात, मोबाइलचा कॅमेरा मोठा करून वाचा. एवढ्या दोन मिनिटांच्या कामानं बॅटरीचे जवळपास दुप्पट तास मिळतात. सेकंडहँड घेणाऱ्यासाठी या लेखातली सर्वात उपयोगाची गोष्ट हीच.

लाइट: स्वस्त, पण कुणासाठी?

सप्टेंबर २०१९ मध्येच 'स्विच लाइट' आला. २०० डॉलर, म्हणजे त्या वेळचे सुमारे १४ हजार रुपये. छोटा, हलका, ५.५ इंचांचा स्क्रीन. मुलांना रंग फार आवडतात.

पण लाइट टीव्हीला जोडता येत नाही. त्याचे कंट्रोलर निघत नाहीत. म्हणजे दोन भावंडांनी एक-एक कंट्रोलर हातात घेऊन खेळायची सोय संपली. त्यासाठी वेगळा कंट्रोलर आणा आणि मग साडेपाच इंचांच्या स्क्रीनवर दोघांनी डोकी जुळवून बसा. घरात एकच मूल असेल, किंवा हॉस्टेलवर राहणारा मुलगा असेल, तर लाइट ठीक. भावंडं असलेल्या घरात लाइट आणणं म्हणजे भांडण विकत आणणं. त्यात कंट्रोलरची स्टिक बिघडली तर अख्खं यंत्र उघडावं लागतं. मोठ्या स्विचमध्ये तेवढा जॉय-कॉन बदलून भागतं.

ओएलईडी: चित्र सुंदर, गेम तोच

ऑक्टोबर २०२१ मध्ये ओएलईडी मॉडेल आलं, ३५० डॉलरला. दुकानदार सर्वात जास्त तारीफ याचीच करतात, आणि तारीफ खोटी नाही. साध्या एलसीडी स्क्रीनच्या मागे दिवा लागलेला असतो आणि तो काळा रंग दाखवतानाही जळत राहतो, म्हणून काळा राखाडी दिसतो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. काळा दाखवायचा तर तो ठिपका बंद होतो. रंग ठसठशीत दिसतात. यंत्राचा आकार जवळपास तोच ठेवून कडा बारीक केल्या, त्यामुळे स्क्रीन ७ इंचांचा झाला. साठवण ३२ जीबीची ६४ जीबी झाली. मागचा आधार पूर्ण रुंदीचा झाला. जुन्याचा आधार म्हणजे काडी होती, ट्रेनच्या टेबलावर यंत्र आडवं पडायचं. डॉकमध्ये इंटरनेटची वायर लावायची जागा आली.

चिप मात्र तीच, २०१९ ची. स्क्रीन मोठा झाला तरी चित्राची बारकाई तीच, ७२० पी. टीव्हीला जोडलं की जुन्या आणि ओएलईडी मॉडेलच्या चित्रात फरक शून्य, कारण तेव्हा स्क्रीन टीव्हीचा असतो.

म्हणून मामूंच्या दुकानातला सरळ हिशोब असा: घरी टीव्हीवर, सगळ्यांनी मिळून खेळणार असाल तर ओएलईडीचे जास्तीचे पैसे देऊ नका. मुलगा बहुतेक वेळ हातात धरून खेळणार असेल, तर ओएलईडी घ्या. दुकानदार याच्या उलट सांगेल, कारण त्याला महाग ते विकायचं असतं. त्याचा धंदा आहे, राग मानू नये.

स्विच २: खरी झेप, आणि तिची किंमत

५ जून २०२५ ला स्विच २ आला आणि पहिल्या चार दिवसांत जगभरात ३५ लाखांहून जास्त विकला गेला. वरच्या तीन बदलांमध्ये आणि या बदलात जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण इथं चिपच नव्या ताकदीची आहे. मेमरी ४ जीबीवरून १२ जीबी, साठवण २५६ जीबी, स्क्रीन ७.९ इंच आणि १०८० पी, टीव्हीवर ४के पर्यंत चित्र. जुन्यावर अडखळणारे गेम इथं सुरळीत चालतात, आणि जुन्यावर येऊच शकत नव्हते असे मोठे गेम इथं आले. बाजारात आला तेव्हा किंमत ४५० डॉलर होती, तेव्हाच्या दरानं सुमारे साडेअडतीस हजार रुपये. आपल्याकडे पोहोचेपर्यंत त्यावर आणणाऱ्याचा नफा चढतोच.

आता काढलं काय ते पाहू. बॅटरी मोठी असूनही कंपनी दोन ते साडेसहा तास सांगते, म्हणजे २०१९ च्या स्विचपेक्षा कमीच. ताकदवान चिप वीज मागते, त्याला इलाज नाही. स्क्रीन पुन्हा एलसीडी आहे; ओएलईडीच्या काळ्या रंगाची सवय झालेल्यांना हा उतार वाटतो. वजन कंट्रोलरसह ५३४ ग्रॅम, ओएलईडी ४२० होता. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या मनगटाला हा फरक अर्ध्या तासात कळतो.

जुने गेम बहुतेक सगळे चालतात, ही मोठी दिलासा देणारी गोष्ट. पण जुना डॉक चालत नाही. जुने जॉय-कॉन वायरलेस चालतात, कडेला अडकत नाहीत. आणि घरातलं जुनं मायक्रो-एसडी कार्ड गेम साठवायला चालत नाही. 'मायक्रो-एसडी एक्सप्रेस' नावाचंच हवं, आणि ते साध्या कार्डापेक्षा बरंच महाग असतं. कोण्या दुकानदारानं साधं कार्ड 'सोबत फ्री' दिलं तर ते मोबाइलमध्ये टाका, इथं त्याचा उपयोग जुने फोटो-व्हिडिओ आणण्यापुरताच.

एक नवा प्रकार गेमच्या डबीतही आला आहे. काही डब्यांत गेमचं कार्ड असतं, पण कार्डात गेम नसतो; ती फक्त किल्ली असते. कार्ड घातल्यावर पूर्ण गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. ज्यांच्या घरी मोबाइलच्या डेटावरच सगळं चालतं, त्यांच्या दिवसभराच्या डेटात तो बसणार नाही. डबीच्या पुढच्या बाजूला खाली तशी सूचना आणि किल्लीचं चिन्ह छापलेलं असतं, विकत घेताना बोट ठेवून वाचा.

आखातातून मागवताना

आखातातून आणलेला स्विच इथं चालतो का, हा नेहमीचा प्रश्न. चालतो. त्याचा चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालणारा आहे, फक्त पिन तिकडच्या चौकोनी तीन दांड्यांची असते, त्यासाठी साधा अ‍ॅडॅप्टर लागतो. कोणत्याही देशातलं गेमकार्ड दुसऱ्या देशातल्या यंत्रात चालतं (चीनमध्ये अधिकृत विकला गेलेला पहिला स्विच हा अपवाद).

जपानहून कुणी आणत असेल तर मात्र कान टवकारा. जपानमध्ये स्विच २ दोन प्रकारात मिळतो. स्वस्तातला, बाजारात आला तेव्हा ४९,९८० येनचा, फक्त जपानी भाषेत चालतो आणि त्यावर जपानचंच खातं लागतं. सर्व भाषांचा ६९,९८० येनचा. हा स्वस्तातला डबा 'इंपोर्टेड, खास रेट' म्हणून भारतात विकायला आला तर घेणारा फसतो, कारण सेटिंगमध्ये इंग्रजी निवडायला जागाच नाही. पैसे देण्याआधी यंत्र चालू करून भाषेची यादी पाहा.

मामूंना दोन गोष्टी सांगा. बिल जपून आणा. कस्टमला उत्तर देणं सोपं जातं. आणि यंत्र हातातल्या बॅगेत ठेवा, लिथियम बॅटरीची वस्तू आहे. वॉरंटी तिकडच्या विक्रेत्याची असते, ती नागपुरात कामाची नाही असंच धरून चाला.

दुरुस्तीचं काय, मग? सर्वात जास्त बिघडते ती कंट्रोलरची स्टिक. तुम्ही हात लावत नाही तरी गेममधला माणूस आपोआप एका बाजूला चालायला लागतो. याला 'ड्रिफ्ट' म्हणतात. स्टिकच्या आत घासणारी पट्टी असते, ती झिजते. स्विच २ मध्येही ही घासणारी पद्धत गेलेली नाही. जुन्या जॉय-कॉनच्या स्टिकचे सुटे भाग सहज मिळतात आणि मोबाइल दुरुस्तीत हात बसलेला कारागीर ती बदलू शकतो. असे हुशार कारागीर आपल्या मोमिनपुऱ्यातही सापडतील. स्विच २ चे सुटे भाग आणि उघडायचा अनुभव अजून तेवढा नाही. माझ्या मते जुन्या मॉडेलच्या बाजूनं हा मोठा मुद्दा आहे, आणि तो कुठल्याच तुलनेच्या तक्त्यात येत नाही.

बिल आणि वॉरंटी हवीच असेल तर

हातातल्या कन्सोलचा असा एक प्रकार आहे जो भारतात अधिकृतपणे, पक्क्या बिलावर मिळतो: आसुस कंपनीचा 'आरओजी अ‍ॅलाय'. जुलै २०२३ मध्ये तो ६९,९९० रुपयांना आला. त्याची सुधारलेली आवृत्ती, 'अ‍ॅलाय एक्स', पुढच्या वर्षी ८९,९९० रुपयांना आली. ऑक्टोबर २०२५ पासून एक्सबॉक्सच्या नावाची पुढची जोडीही निघाली.

अ‍ॅलाय आणि अ‍ॅलाय एक्सची तुलना शिकण्यासारखी आहे. चिप तीच, ७ इंचांचा स्क्रीनही तोच. पण पहिल्याची बॅटरी ४० वॉट-अवर होती, ती थेट ८० झाली. मेमरी १६ ची २४ जीबी, साठवण ५१२ जीबीची १ टीबी. पहिल्याचं मेमरी कार्ड घालायचं खाचेजवळचं भाग तापून बिघडायचं, ही तक्रार कंपनीनं मान्य केली होती. नव्यात रचना बदलली. वजन ६०८ वरून ६७८ ग्रॅम झालं. इथं नवा महाग आहे, जाडही आहे, आणि तरी घेण्यासारखा आहे, कारण जुन्याची जी दोन खरी दुखणी होती त्यांवरच काम झालं.

हे यंत्र मुळात विंडोजचा कॉम्प्युटर आहे. कीबोर्ड आणि मॉनिटर जोडला की कॉलेजचं काम होतं. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलानं हट्ट धरला तर विचार करायला हरकत नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी मात्र हा प्रकार नाही. विंडोज चालवायचं, अपडेट करायचं, ते त्याच्यापेक्षा अब्बूंचंच काम होऊन बसेल.

सेकंडहँड घेताना

यंत्र हातात घेतल्यावर सेटिंगमध्ये कंट्रोलरच्या विभागात जा, तिथं स्टिक तपासायची सोय आहे. बोट काढल्यावर खूण मधोमध स्थिर राहिली पाहिजे. मागचं झाकण फुगलेलं नाही ना पाहा. बॅटरी फुगली असेल तर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. डॉकमध्ये ठेवून टीव्हीवर चित्र येतं का, तेही त्याच्याच दुकानात बघून घ्या.

"यात पाचशे गेम भरून देतो, फ्री" असं कुणी म्हटलं तर सरळ निघून या. ते यंत्र फोडून त्यात चोरीचे गेम टाकलेले असतात. दुसऱ्याच्या मेहनतीचा हक्क मारल्याचा प्रश्न आहेच, पण व्यवहाराचाही आहे: कंपनीला हे ऑनलाइन कळलं की ती त्या यंत्राचीच ऑनलाइन सेवा बंद करते. मालक बदलला तरी बंदी यंत्रासोबत जाते. स्विच २ च्या बाबतीत कंपनी यात फार कडक आहे. पैसे देण्याआधी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडून कंपनीचं ऑनलाइन दुकान उघडतंय का, तेवढं पाहाच.

गेम शक्यतो कार्डावरचे घ्या. खेळून झाला की मित्राशी अदलाबदल करता येते, विकताही येतो. ऑनलाइन उतरवलेला गेम खात्याला चिकटतो. आणि मोबाइलवरच्या 'फ्री' गेमशी तुलना करायची तर कार्डाच्या गेमचे पैसे एकदाच जातात, हे आई-वडिलांना बरं पडतं. मोबाइलवर पोरं दर आठवड्याला नवी बंदूक, नवे कपडे मागतात आणि अम्मीच्या यूपीआयवरून पन्नास-शंभर करत हजार कधी उडाले ते कळत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं देशात बंदी घातली, पण ही खरेदी त्यात येत नाही, ती चालूच आहे.

स्विचसाठी कंपनीचं पालकांचं एक मोफत अ‍ॅप आहे. ते अम्मीच्या मोबाइलवर टाका. रोज किती वेळ खेळायचं ते ठरवता येतं. वेळ संपली की यंत्र सूचना देतं, आणि तुम्ही निवडलं असेल तर गेम थांबवतंही. वयाप्रमाणे गेम अडवता येतात, ऑनलाइन खरेदी बंद ठेवता येते. स्विच २ वर मित्रयादीत जोडलेल्यांशी गप्पा मारायची सोय आहे. सोळा वर्षांखालच्या मुलांना ती पालकांनी याच अ‍ॅपवरून परवानगी दिल्याशिवाय मिळत नाही. अ‍ॅप जुन्या आणि नव्या दोन्ही स्विचवर चालतं, म्हणून केवळ या कारणासाठी नवा घ्यायची गरज नाही. पिन मात्र घरातल्या मोठ्या मुलाला सांगू नका, तो धाकट्याला एका चॉकलेटवर विकतो.

आणि आपला उन्हाळा

निंटेंडोनं स्विच वापरण्यासाठी ५ ते ३५ अंश तापमान सांगितलं आहे. मे महिन्यात नागपुरात बाहेर ४५ अंश असतात, आणि पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत पंखा असूनही ३५ च्या खाली येत नाही. यंत्र फार तापलं तर स्वतःच सूचना देऊन झोपी जातं, पण रोज तसं व्हायला लागलं की बॅटरीचं आयुष्य कमी होतं. २०१७ चा स्विच यात सर्वात कच्चा, कारण त्याची चिप जास्त वीज खाते, जास्त तापते. स्विच २ सुद्धा जोरात चालताना चांगलाच तापतो. २०१९ चा आणि ओएलईडी त्यातल्या त्यात थंड डोक्याचे.

गरम हवा वरच्या फटीतून निघते. गादीवर, उशीवर ठेवून खेळलं की हवेचा रस्ता अडतो. डॉक टीव्हीच्या मागच्या बंद कप्प्यात कोंबू नका. दुपारी कूलरच्या खोलीत खेळा, पण कूलरच्या अगदी तोंडासमोर नको. ओलसर हवा आणि पाण्याचे तुषार सरळ यंत्रात जातात. चार्जिंगला लावून चादरीखाली ठेवायची मुलांची सवय मोडा. गाडीच्या डॅशबोर्डवर तर दहा मिनिटंही नाही.

जूनअखेरीस विदर्भातल्या शाळा उघडल्या की यंत्र कपाटात जाईल. बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत ठेवू नका. कंपनी निदान सहा महिन्यांतून एकदा चार्ज करायला सांगते. एकदा दिवाळीच्या सुट्टीत बाहेर काढून तासभर चार्जिंगला लावलं की पुढच्या ईदपर्यंत ते तयार राहतं.